बँकेच्या गोदामातली रांग

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

शीतपेयाचा किंवा बिअरचा डबा ज्या अ‍ॅल्युमिनियमपासून बनतो, त्या धातूचा भाव कोण ठरवतो? उत्तर सोपे वाटते. ज्याच्याकडे माल आहे तो आणि ज्याला माल हवा आहे तो, यांच्यात तो ठरतो. पण २०१० नंतरची चार-पाच वर्षे अमेरिकेतल्या डबे बनवणाऱ्या, पेये भरणाऱ्या कंपन्यांना एक विचित्र अनुभव येत होता. जगात अ‍ॅल्युमिनियमचा तुटवडा नव्हता. उलट गोदामे गच्च भरलेली होती. तरीही गोदामातला माल बाहेर काढायला महिनोन्‌महिने, पुढे पुढे तर दीड वर्षाहून अधिक काळ रांगेत थांबावे लागत होते. कोका-कोला कंपनीने याबद्दल २०११ साली लंडनच्या धातुबाजाराकडे तक्रार नोंदवली. ही गोदामे अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात होती आणि त्यांची मालकी एका बँकेकडे होती. बँकेचे नाव गोल्डमन सॅक्स.

बँकेला गोदाम कशाला हवे? तारण म्हणून ठेवलेला माल साठवायला हवे असेल, तर ते आपण समजू शकतो. इथे तसे नव्हते. गोदाम हाच धंदा होता. आणि गोल्डमन एकटी नव्हती. मॉर्गन स्टॅन्लेकडे तेलाच्या टाक्या, तेलवाहू जहाजे आणि पाइपलाइन होत्या. जेपी मॉर्गन चेजकडे, मालकीने किंवा कराराने, एके काळी एकतीस वीजकेंद्रे होती. गोल्डमनकडे कोलंबियात कोळशाच्या खाणी होत्या आणि युरेनियमचा व्यापार करणारी कंपनीही होती. युरेनियम! आपण बँक म्हटल्यावर पासबुक, चेक आणि कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे आणतो.

जुनी भिंत

बँकेने व्यापार करू नये, हा विचार काही आजचा नाही. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली, तेव्हाच इंग्लंडच्या पार्लमेंटने तिला मालाची खरेदी-विक्री करायला मनाई केली. हुंड्या आणि सोने-चांदी यांचा व्यवहार तिने करावा, कर्ज न फेडणाऱ्याचा तारण माल विकावा, पण व्यापारी म्हणून बाजारात उतरू नये. कारणही कायद्यातच दिले होते. एवढ्या पैशाची संस्था माल कोंडून प्रजेला नाडू शकेल, ही भीती होती.

आपल्याकडे ही भीती पुस्तकातून शिकावी लागली नाही. गावातला सावकार बियाण्यासाठी उसने पैसे देई आणि तोच पुष्कळदा कापूस-ज्वारीचा खरेदीदारही असे. ऋणको माल दुसरीकडे नेऊ शकत नसे आणि भाव मग सावकार सांगेल तो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जो दंगा सुरू झाला आणि दख्खनमध्ये पसरला, त्यात शेतकऱ्यांनी कर्जखते हुडकून जाळली. त्यामागची कारणे अनेक होती; पण कर्ज देणारा आणि माल घेणारा एकच असला की काय होते, हे त्यात दिसलेच.

अमेरिकेत ही भिंत नीट उभी राहिली ती १९५६ साली. तेव्हाच्या बँक होल्डिंग कंपनी कायद्याचा रोख मुख्यतः ट्रान्सअमेरिका नावाच्या कंपनीवर होता. तिच्याकडे अनेक राज्यांतल्या बँका होत्या, विमा होता आणि मासळी डबाबंद करण्याचा उद्योगसुद्धा होता. कायद्याने सांगितले, बँका ठेवा नाहीतर धंदे ठेवा. ट्रान्सअमेरिकाने बँका सोडल्या. एकच बँक असलेल्या कंपन्या या कायद्यातून सुटत होत्या. ती फट १९७० साली बुजवली गेली.

मग १९९९ साल उजाडले. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्यावर सही केली. बँक, विमा आणि शेअरबाजाराचा धंदा एका छताखाली आणणारा कायदा म्हणून तो गाजला. पण त्यात तीन छोट्या खिडक्या होत्या, त्यांकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पहिली खिडकी अशी की, वित्तव्यवसायाला 'पूरक' असा बिगर-वित्तीय धंदा मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या, परवानगीने करता येईल. पूरक म्हणजे काय? कायद्याच्या चर्चेत दिलेले उदाहरण होते मासिक काढण्याचे! अमेरिकन एक्स्प्रेस पर्यटनाची मासिके काढते, तेवढे निरुपद्रवी. दुसरी खिडकी गुंतवणुकीची. कुठल्याही उद्योगात भांडवल घालता येईल, दहा वर्षांपर्यंत ठेवता येईल, मात्र रोजच्या कारभारात हात घालायचा नाही. तिसरी खिडकी सर्वांत चमत्कारिक. जी कंपनी १९९९ च्या कायद्यानंतर बँक होल्डिंग कंपनी बनेल आणि जी १९९७ च्या सप्टेंबरअखेर जिनसांच्या धंद्यात होती, तिला तो धंदा पुढे चालू ठेवता येईल.

२००३ साली फेडरल रिझर्व्हने सिटीग्रुपला तिच्या फिब्रो या कंपनीमार्फत तेलासारखा प्रत्यक्ष माल हाताळायला 'पूरक' म्हणून परवानगी दिली. मासिकावरून गाडी तेलाच्या जहाजावर आली. पुढे इतर बँकांनाही तशा परवानग्या मिळाल्या. आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये, लेहमन ब्रदर्स बुडाल्यानंतर आठवड्याभरात, गोल्डमन सॅक्स आणि मॉर्गन स्टॅन्ले या दोघींनी स्वतःला बँक होल्डिंग कंपनी करून घेतले. हेतू मध्यवर्ती बँकेच्या आधाराचा होता. पण त्याबरोबर तिसरी खिडकीही त्यांच्यासाठी उघडली. साऊले ओमारोवा या कायद्याच्या प्राध्यापिकेने या साऱ्याची संगती लावून दाखवली, तोवर बरीच जहाजे नांगर टाकून बसली होती.

डेट्रॉइटमध्ये काय घडले

आता पुन्हा डेट्रॉइटला जाऊ. हा भाग थोडा किचकट आहे, पण समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे चोरी नाही, दरोडा नाही, बहुतेक गोष्टी नियमाला धरून आहेत.

लंडन मेटल एक्स्चेंज हा धातूंचा जगातला सर्वांत मोठा वायदेबाजार. या बाजाराची मान्यताप्राप्त गोदामे जगभर पसरलेली आहेत. गोदामात धातू ठेवला की पावती मिळते आणि त्या पावतीची खरेदी-विक्री होते. आपल्याकडच्या वखारीच्या पावतीसारखेच. माल बाहेर काढायचा असेल तर पावती रद्द करायची आणि नंबर लावायचा. बाजाराचा नियम असा की, गोदाम कंपनीने एका शहरातून रोज किमान ठरावीक टन माल बाहेर काढून दिलाच पाहिजे. मोठ्या गोदामांसाठी ही मर्यादा दीड हजार टन होती, २०१२ पासून तीन हजार टन झाली. मेख अशी की ही मर्यादा कंपनीला आणि शहराला होती, गोदामाच्या इमारतीला नव्हती. एकाच शहरात पाच इमारती असोत की पंचवीस, मर्यादा तीच. आणि 'किमान' या शब्दाचा अर्थ व्यवहारात 'कमाल' असा होऊ लागला.

गोल्डमनने २०१० च्या फेब्रुवारीत मेट्रो इंटरनॅशनल ही डेट्रॉइटची गोदाम कंपनी सुमारे ४५ कोटी डॉलरना विकत घेतली. २००८ साली तिथे पन्नास हजार टनांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम होते. २०१३ पर्यंत ते पंधरा लाख टनांवर गेले. मंदीमुळे धातूला गिऱ्हाईक नव्हते, व्याजाचे दर तळाला गेले होते आणि पुढच्या वायद्याचा भाव आजच्या भावापेक्षा चढा होता. अशा वेळी आज माल घ्यायचा, पुढच्या तारखेला विकून टाकायचा आणि तोवर गोदामात ठेवायचा, यात बिनधोक नफा असतो. म्हणून माल येत राहिला. मेट्रो कंपनी तर माल आणणाऱ्याला वर बक्षिसी देत होती. आता हिशेब करा. पंधरा लाखांना तीन हजारांनी भागले की पाचशे येतात. सारा माल बाहेर काढायचा म्हटले तर कामाचे पाचशे दिवस, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे.

रांगेत उभ्या असलेल्या मालाला भाडे चालूच असते. टनामागे रोज अर्ध्या डॉलरच्या आसपास. सहाशे दिवसांचे भाडे टनाला अडीचशे डॉलरच्या पुढे जाते आणि तेव्हा धातूची किंमत टनाला दोन हजार डॉलरच्या आगेमागे होती. म्हणजे रांग जितकी लांब तितके भाडे जास्त. भाडे जास्त म्हणून नवा माल आणणाऱ्याला बक्षिसी देणे परवडते. नवा माल आला की रांग आणखी लांबते. दवाखान्यातल्या रोग्यांची रांग जितकी वाढेल तितकी डॉक्टरची कमाई रांगेतल्या बाकांच्या भाड्यातून होऊ लागली, तर तो डॉक्टर घाईने रोगी तपासील का?

यावर कडी झाली ती मालाच्या फेऱ्यांची. अमेरिकन सिनेटच्या चौकशी उपसमितीने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जो अहवाल दिला, त्यात असे सहा मोठे व्यवहार मांडले आहेत. मेट्रो कंपनीने काही मोठ्या माल-मालकांना पैसे देऊन पावत्या रद्द करायला लावल्या. त्यांनी रांगेत नंबर लावला, नंबर आल्यावर माल एका गोदामातून निघाला आणि मेट्रोच्याच दुसऱ्या गोदामात जाऊन पडला. रोजची बाहेर काढण्याची मर्यादा कागदोपत्री पुरी झाली. ज्याला खरोखर डबे बनवायचे होते तो मात्र मागेच. ट्रक-फोर्कलिफ्ट चालवणारे कामगार या प्रकाराला जत्रेतला चक्री पाळणा म्हणत. त्यांच्यापेक्षा चांगले नाव समितीलाही सुचले नाही.

आता तुम्ही म्हणाल, ज्याला माल हवा त्याने गोदामात जावेच कशाला? सरळ कारखान्यातून घ्यावा. बरोबर आहे, आणि बहुतेक जण तसाच घेत. पण कारखान्याकडचा भावही दोन भागांत ठरतो. एक लंडनचा भाव आणि दुसरी त्या प्रदेशातली वाढीव रक्कम, म्हणजे माल तातडीने हातात मिळण्याची किंमत. गोदामातून माल काढणे जितके कठीण आणि महाग, तितकी ही वाढीव रक्कम चढते. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ती २०१० साली पौंडाला सहा सेंटांच्या आसपास होती. २०१४ मध्ये वीस सेंटांच्या वर गेली. लंडनच्या भावाची जोखीम वायद्याने झाकता येत होती, या वाढीव रकमेची येत नव्हती. त्यामुळे मिलरकूर्स या बिअर कंपनीच्या अधिकाऱ्याने जुलै २०१३ मध्ये सिनेटपुढे येऊन गाऱ्हाणे मांडले.

गोल्डमनची बाजूही सांगायला हवी. तिचे म्हणणे, गोदामे आणि बँकेचा व्यापार यांच्यात भिंत होती, भाव कमी-जास्त व्हायला जगातली मागणी आणि व्याजदर कारण होते, लंडनचा भाव आणि वाढीव रक्कम मिळून होणारी किंमत पूर्वीपेक्षा कमीच होती. यात तथ्य नाही असे नाही. पण समितीने दाखवून दिले की मेट्रोच्या संचालक मंडळावर गोल्डमनचीच माणसे होती आणि बँक स्वतः अ‍ॅल्युमिनियमचा मोठा व्यापार करत होती. २०१२ मध्ये तिच्या स्वतःच्या मालकीचा साठाच सुमारे तीन अब्ज डॉलरचा होता. रांगेची लांबी ठरवणारा आणि त्या रांगेमुळे हलणाऱ्या भावावर पैसे लावणारा एकाच घरचा. भिंत किती जाड होती हे विचारण्यापेक्षा अशी भिंत घालावी लागावीच का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

विजेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्निया आणि मध्य-पश्चिमेच्या वीजबाजारात जेपी मॉर्गनच्या कंपनीने अशा बोली लावल्या की, वरवर तोट्याच्या दिसाव्यात पण खर्च भरून देण्याच्या नियमाखाली भरपाई भरपूर मिळावी. २०१३ च्या जुलैमध्ये ऊर्जा नियामक आयोगाशी ४१ कोटी डॉलरवर तडजोड झाली. नियम मोडल्याचे बँकेने ना कबूल केले, ना नाकारले.

मर्यादा कशी मोजायची

कोणी म्हणेल, या धंद्यांवर मर्यादा नव्हती का? होती. 'पूरक' परवानगीखाली घेतलेला प्रत्यक्ष माल मूळ भांडवलाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. पण मोजायचे काय? २०१२ च्या सप्टेंबरअखेर जेपी मॉर्गनच्या एकूण मालाची किंमत किमान १७.४ अब्ज डॉलर होती, म्हणजे तिच्या मूळ भांडवलाच्या जवळजवळ बारा टक्के. मर्यादेच्या हिशेबात तिने दाखवली ६.६ अब्ज, म्हणजे साडेचार टक्के. खोटे बोलणे नव्हे. काही माल बँकेच्या नावावर, काही दुसऱ्या खिडकीखाली, त्यामुळे तो या मोजणीत धरायचा नाही! एक मर्यादा, तीन खिडक्या आणि प्रत्येक खिडकीवर वेगळा कारकून, असा तो प्रकार.

आणि धोका भावापुरताच नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपी कंपनीची तेलविहीर फुटली. त्या कंपनीला आजवर साठ अब्ज डॉलरहून अधिक खर्च आला आहे. बीपी तगली. पण उद्या असा तेलवाहू जहाजाचा किंवा वीजकेंद्राचा अपघात बँकेच्या मालकीच्या कंपनीत झाला तर? नुकसानभरपाईचा आकडा कोणालाच आधी सांगता येत नाही. ठेवीदार घाबरले, तर बँकेतून पैसे काढायला रांग लागायला एक दिवस पुरतो. मोठी बँक बुडू देता येत नाही, म्हणून शेवटी सरकार, म्हणजे करदाते पैसे भरतात. शिवाय सरकार पाठीशी असल्यामुळे बँकेला पैसा स्वस्तात मिळतो. शेजारच्या गोदामवाल्याला तो तसा मिळत नाही. स्पर्धा इथेच संपते.

बँकांच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. विमान कंपनीला इंधनाच्या भावाची हमी हवी असते, गावाच्या नगरपालिकेला गॅसची. अशी हमी देणाऱ्याला प्रत्यक्ष मालाची जाण असावी लागते. तसेच, बँका बाहेर पडल्या तर त्यांच्या जागी येणार कोण? गोल्डमनने अहवालानंतर महिन्याभरात मेट्रो विकून टाकली. जेपी मॉर्गनने प्रत्यक्ष मालाचा बराचसा धंदा २०१४ मध्ये मर्क्युरिया या स्वित्झर्लंडमधल्या व्यापारी कंपनीला विकला. या कंपन्यांवर बँकांइतकी देखरेख नाही. तरीही मला हे बरे वाटते. मर्क्युरिया बुडाली तर तिचे मालक बुडतील. कोणाचे बचत खाते बुडणार नाही.

फेडरल रिझर्व्हने जानेवारी २०१४ मध्ये या विषयावर मते मागवली. सप्टेंबर २०१६ मध्ये तिने नियमांचा मसुदा आणला, ज्यात मालाच्या धोक्याच्या प्रमाणात जास्त भांडवल ठेवण्याची अट होती. त्याच महिन्यात तिने संसदेला दुसरी आणि तिसरी खिडकी बंद करण्याची शिफारसही केली. संसदेने ती मानली नाही आणि मसुदा मसुदाच राहिला. लंडनच्या बाजाराने मात्र आपले नियम बदलले आणि रांगा ओसरल्या. धातू बँकांच्या हातातून पूर्ण गेला असेही नाही. २०२३ च्या मार्चमध्ये रॉटरडॅमच्या एका मान्यताप्राप्त गोदामातली पोती तपासली, तेव्हा चौपन्न टन निकेलऐवजी दगड निघाले. बातम्यांनुसार त्या पोत्यांच्या पावत्या जेपी मॉर्गनकडे होत्या.

आपल्याकडचा कायदा याबाबत सरळ आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या आठव्या कलमाने बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीला बंदी केली आहे. तारण वसूल करण्यापुरती सूट आहे. बँक ऑफ इंग्लंडच्या अटीचीच ही नात म्हणा. सोने-चांदीला मात्र सहाव्या कलमात जागा आहे आणि म्हणूनच काही वर्षांपूर्वी बँकांत सोन्याची नाणी विकत मिळत. आयात फार वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये ते थांबवले. २०१५ मध्ये नाण्यांची आयात मोकळी केली, तरी बँकांनी ती विकण्यावरचा निर्बंध तसाच ठेवला. दुसऱ्या कंपनीचे शेअर बँकेने किती घ्यावेत यावरही एकोणिसाव्या कलमात मर्यादा आहे: तीस टक्के.

आपला प्रश्न उलट्या बाजूने येतो. बँकेने कारखाना काढण्याचा नव्हे, तर कारखानदाराने बँक काढण्याचा. १९६९ पूर्वी ते होतेच. युको बँक बिर्लांची होती. ठेवी जनतेच्या आणि कर्जे घरच्या उद्योगांना, ही तक्रार त्या वर्षीच्या १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण करताना पुढे ठेवलेल्या कारणांपैकी एक होती. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेच्या अंतर्गत कार्यगटाने कायदा आणि देखरेख आधी कडक करून मोठ्या उद्योगसमूहांना बँकेचे प्रवर्तक होऊ द्यावे, असे सुचवले. रघुराम राजन आणि विरल आचार्य यांनी तीन दिवसांत त्यावर कडाडून टीका केली. ज्याला कर्ज हवे त्याच्याच हाती बँक दिली तर चांगले कर्ज आणि वाईट कर्ज कोण ओळखणार, हा त्यांचा सवाल. एका वर्षाने रिझर्व्ह बँकेने तेहतीसपैकी एकवीस शिफारशी स्वीकारल्या. त्यांत ही नव्हती. पण ती नाकारली असेही म्हटले नाही, उरलेल्या शिफारशी तपासणीखाली आहेत असे सांगितले. २०२४ च्या जुलैमध्ये तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांना पुन्हा विचारले गेले, तेव्हा उत्तर मिळाले की सध्या तसा विचार नाही.